आईचा गुडघा आणि गाडीचा ए.सी.

३ एप्रिल

चि. चिमणीस, अ. आ.

गाडीच्या ए.सी.ने मान टाकली. वारा येतो, पण भट्टीवरून आल्यासारखा. शोरूमवाल्याने बॉनेट उघडलं, तोंड पाडलं आणि कॉम्प्रेसरच बदला म्हणाला. खर्च ऐकूनच मी गार पडलो. तुझ्या आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरवायला गावाबाहेरच्या डॉक्टरांकडे जायचंय, तर ती म्हणते, असल्या गाडीत मी बसणार नाही. दुखणं वाढतंय. जिन्यात मध्येच कठडा धरून थांबते आणि सांगते, बाहेर बघतेय. तू शीतगृहाची यंत्रं सांभाळतेस, जरा बापाच्या गाडीचंही बघ.

लोभ आहेच, तो तेवढा गार होऊ देऊ नये.

बाबा

९ एप्रिल

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

कॉम्प्रेसरला लगेच फाशी देऊ नका. आधी डॅशबोर्डमागचा हवेचा फिल्टर काढून बघा. मग इंजिन चालू ठेवून ए.सी.चं बटण दाबा. पुढून ‘टक्’ आवाज आला नाही, तर बहुधा गॅस कमी आहे. अशा वेळी कॉम्प्रेसर चालूच होत नाही. पण नुसता गॅस भरू नका, नाहीतर महिन्याभरात ये रे माझ्या मागल्या. कोपऱ्यावरच्या गॅरेजात आधी गळती शोधून घ्या. स्वतः पाइप उघडू नका. तुम्ही उघडलेल्या मिक्सरचं काय झालं ते आईने कळवलंय.

माया असू द्यावी, रागावलात तरी.

तुमची चिमणी

१८ एप्रिल

चि. चिमणीस, अ. आ.

तुझ्या हुशारीला काय म्हणावं! फिल्टरमध्ये पाचोळा निघाला आणि पाइपच्या सांध्यातलं रबराचं कडं फाटलेलं. कडं बदललं, गॅस भरला, स्वस्तात काम झालं. तुझे बाबा घरभर जग जिंकल्यासारखे फिरतायत. आणि माझी इतकी छान सबब गेली! उन्हाचं कसलं गं, मला शस्त्रक्रियेची धास्ती होती.

काल निघालो. काचा बंद, गाडीत कधी नव्हे ती शांतता. माझ्या तोंडून निघून गेलं की मला भीती वाटते. ह्यांनी गाडी कडेला घेतली. मग म्हणाले, मला तुझ्याहून जास्त वाटते, ए.सी. निदान दुरुस्त तरी करता येत होता.

डॉक्टरांनी शस्त्रक्रियेला महिनाअखेरचा सोमवार दिलाय. रजा काढून ये. माझं मी बघेन, पण ह्यांना धीर द्यायला कुणीतरी हवं.

वाट बघणारी,
आई