साधी दुखापत

३ मार्च

सत्यजीत घरी आला. तीन दिवसांनी. पायात माझ्या चपला – तळपाय इतके सुजलेत की त्याचे बूट चढेनात. तो कामाला आहे त्या गोदामातून लॅपटॉपची खोकी चोरीला गेली, मॅनेजरने याचं नाव दिलं. नुसत्या चौकशीला बोलावलंय म्हणून मीच रिक्षाने पोलीस ठाण्यात सोडून आलो होतो. वर म्हटलं होतं, खरं ते सांग, कोणी हात लावणार नाही.

४ मार्च

सरकारी दवाखाना. हाड एकही मोडलेलं नाही, म्हणून डॉक्टरांनी लिहिलं – साधी दुखापत. शशिकला म्हणाली, माझ्या मुलाला उलटं टांगलं होतं, तेही लिहा. त्याला रकाना नाही म्हणाले.

५ मार्च

बेल वाजली की सत्यजीत भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. आज दूधवाला होता.

११ मार्च

आभा म्हणून वकीलबाई आहेत कोर्टाजवळ. तरुण आहेत. सगळं ऐकून म्हणाल्या, "काका, आपल्या कायद्यात छळ आहे, पण तो सासरच्यांनी सुनेचा केला तर. पोलिसांनी केला की ती दुखापत."

कबुली काढायला मारलं तर वेगळं कलम आहे, सात वर्षांपर्यंत. पण कशासाठी मारलं ते आम्ही सिद्ध करायचं, आणि साक्षीदार कोण – मारणारेच. छळाविरुद्धच्या जागतिक करारावर देशाने सत्त्याण्णव सालीच सही केली म्हणे. कायदा अजून नाही. शिवाय सरकारी नोकरावर खटला भरायला सरकारचीच परवानगी लागेल.

सत्यजीतने एकच विचारलं, "मग माझं जे केलं, त्याला म्हणायचं काय?"

बाईंनी परवानगीचा अर्ज लिहायला घेतला.

२ एप्रिल

चोर सापडला. मॅनेजरचा मेव्हणा! ठाण्यातून फोन आला, तुमचा मुलगा आता मोकळा आहे म्हणून.

१९ जून

आमच्या अर्जावर चौकशी करायला पोलिसांचे एक साहेब रोडपालीला घरी आले. पट्ट्याने मारलं की काठीने, नीट आठव, असं पुन्हा पुन्हा विचारत होते. सत्यजीतची पँट ओली झाली. चोवीस वर्षांचा मुलगा. साहेबांनी चहा संपवला, मग उठले.

२६ सप्टेंबर

परवानगी नाकारली. सोबत एका कागदाची प्रत – 'मुलगा सुखरूप ताब्यात मिळाला. मारहाण झालेली नाही. तक्रार नाही.' खाली वडिलांची सही.

माझीच आहे. त्याला आणायला गेलो तेव्हा ठाण्यात सही करा आणि घेऊन जा म्हणाले, मी वाचून केली. या वहीतसुद्धा लिहायची हिंमत झाली नव्हती.

सत्यजीत म्हणाला, "मी बघत होतो, बाबा. म्हणूनच वकीलबाईंना त्या सहीचं बोललो नाही."