बिननुक्त्याचं मत

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार.

आज दुपारी अदालतीत मताचा कागद द्यायचा आहे. हैदराबादच्या कायदे कौन्सिलात वकिलांनी निवडून द्यायची जी एक जागा, तिच्यासाठी. माझं हे पहिलंच मत. गेल्या खेपेला आपल्या घरात मत होतं ते तुमचं. आता तुम्ही नाही आणि घरातली वकिलीची सनद माझ्या नावाची आहे. कुणाला द्यावं हे तुम्हाला विचारायचं म्हणून काल सकाळी मी एक पत्र लिहायला घेतलं होतं. ते फाडून टाकलं. आज लिहितोय ते वेगळं आहे आणि त्यातलं निम्मं तुम्हाला आवडणार नाही.

उमेदवार गेल्या खेपेचेच दोघं. नानाराव देशपांडे आणि बाबाराव देशपांडे. नात्यानं एकमेकांचे कुणी नाहीत, पण आपल्या मुलखात देशपांड्यांना काय तोटा? दोघंही हायकोर्टाचे वकील, दोघंही आता हैदराबादेत राहणारे.

तुम्ही शिकवलं होतं तसं मी कागदाच्या मधोमध रेघ मारली आणि दोघांना दोन बाजूंना बसवलं. नानारावांच्या बाजूला काय काय लिहिलं सांगू? फारसी अशी की ऐकत राहावं. मोठ्या हुद्देदारांकडे ऊठबस. दिवाळीनंतर इथं आले तेव्हा मला शेजारी बसवून घेतलं, आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. आईचे गुडघे दुखतात हे त्यांना कुणी सांगितलं, कोण जाणे. कौन्सिलात आता तेच आहेत, आणि तिथं त्यांनी तोंड उघडल्याचं आमच्या वकिलांपैकी कुणी ऐकलेलं नाही.

बाबारावांची बाजू भरताना हात अडखळला. माणूस तुसडा. तोंडात तंबाखू धरून बोलतात, समोरच्याच्या अंगरख्यावर शिंतोडे उडतात. वकिलांच्या बैठकीत आल्या आल्या म्हणाले, "मत मागाया आलो न्हाई. तुमच्या पक्षकारांच्या गाड्या वेठीला धरून नेतात तवा तुमी कुठं असता, ते इचाराया आलोय." एकानंही मान वर केली नाही, मीसुद्धा नाही. नंतर बाहेर येऊन आम्ही त्यांच्या तंबाखूला नावं ठेवली. पण फुकट राबवून घ्यायची ही रीत कायद्यानं बंद करा, असं उघड म्हणणारा तो एकटा माणूस आहे.

वेठ म्हटलं की तुम्हाला कोण आठवत असेल ते मला माहीत आहे. युसूफ वडगावची सरूबाई. ऐन पेरणीत तिच्या नवऱ्याला गाडीबैलांसकट एका साहेबाच्या दौऱ्यासाठी धरून नेलं. आठ दिवसांनी घाटनांदूरच्या मुक्कामावरून गाडी आली, बैल आले. "आन् मालक कुटं हाय म्हून शिपायांना इचारलं, तर हसले बगा," असं सांगत ती आपल्या ओसरीवर बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्याचीच तेव्हा मला भीती वाटली होती.

तुम्ही तिची अर्जी लिहिलीत. उत्तर नाही म्हणून दुसरी लिहिलीत. मग एकाएकी थांबलात. त्यानंतर ती आली तेव्हा तुम्ही आतल्या खोलीत गेलात आणि दादा घरी नाहीत असं मला सांगायला लावलंत. तुमचे जोडे दारातच होते. तिनं जोड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेली.

दादा, मी तुम्हाला तेव्हा लागेल असं बोललो होतो. म्हणालो, वय झालं तुमचं, दमलात तुम्ही. तुम्ही वाद घातला नाहीत. "व्हय, दमलोच," एवढंच म्हणालात. पुढं तुम्ही एकही वेठीचं प्रकरण घेतलं नाहीत आणि कार्तिकात तापानं गेलात. तुम्ही आळशी झालात असं मी इतके दिवस धरून चाललो होतो.

मागच्या महिन्यात मी वडगावला जाऊन आलो. सरूबाईच्या दाराला बाहेरून कडी होती. शेजारच्या ओट्यावर एक म्हातारा बसला होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, "कोन सरूबाई?" भिंतीला भिंत लागून घर, आणि कोण सरूबाई? मी पुन्हा विचारलं तर तो उठून आत गेला.

काल दुपारी मुन्सिफांपुढं प्रकरणांचे कागद ठेवणाऱ्या पेशकारांनी मला बोलावून घेतलं. तुम्ही ओळखता त्यांना, आवाज कधी चढत नाही त्यांचा. बसायला सांगितलं, पान पुढं केलं. म्हणाले, "वकीलसाब, उद्याचा कागद लिवताना लई इचार करू नका. तुमच्या भावानं लिवलं तसं लिवा." आणि लाल फडक्यात बांधलेला जुना बस्ता सोडून त्यांनी तुमचा कागद माझ्यासमोर ठेवला. मतांचे लिफाफे इथंच उघडतात आणि वर हैदराबादला नुसती यादी जाते, हे मला तेव्हा कळलं.

तुमचं अक्षर मी अंधारातही ओळखेन. तीच तुमची पातळ तपकिरी शाई. उर्दूत 'बाबा' आणि 'नाना' यांच्या अक्षरांचं वळण एकच, फरक फक्त नुक्त्यांचा. टिंबं खाली दिली की बाबा, वर दिली की नाना. तुमच्या कागदावर त्या नावाच्या वर दोन ठसठशीत नुक्ते होते. काळ्या शाईचे, जाड बोरूचे. तुमचे नव्हते ते.

घाईघाईनं लिहिणारे आमचे सगळेच वकील नुक्ते गाळतात. पण तुम्ही? एक नुक्ता राहिला तर माझ्या बोटांवर रूळ मारणारे तुम्ही! मी सगळा कागद दोनदा वाचला. 'देशपांडे'मधले नुक्ते तुम्ही दिलेले होते. सहीत होते, सनदेच्या ओळीत होते. फक्त बाबा की नाना, तेवढी जागा तुम्ही मोकळी सोडली होती.

घरी तर तुम्ही छाती पुढं काढून सांगितलं होतं, बाबारावांना दिलं म्हणून.

पेशकार माझ्या तोंडाकडे बघत होते. म्हणाले, "कावून तकलीफ घेता? नाव लिवा, सही करा. नुक्ते आमी देतो."

"आणि मी दिले तर?"

"द्या की. हाताला कोन धरतंय?" बस्ता पुन्हा नीट बांधून झाल्यावर ते म्हणाले, "सनद घरीच हाय ना तुमची? संबाळून ठिवा. कागद हाय, वाळवी लागती."

घरी आलो आणि भिंतीवरची चौकट खाली काढली. माझ्या सनदेवरची तारीख पाहिली. तुमच्या सहीखालची तारीख डोक्यात घट्ट बसली होतीच. दोन्हींत बारा दिवसांचं अंतर. परीक्षा पास होऊन दहा महिने माझी सनद चालचलनाच्या चौकशीत अडकून पडली होती. कुणाला काही कळत नव्हतं, कुणी काही सांगत नव्हतं. आणि तुमच्या मतानंतर बारा दिवसांत ती दारात आली. मी गावभर पेढे वाटले. तुम्ही पेढा हातात धरून बसला होतात, खाल्ला नाहीत. दात दुखतोय म्हणालात.

मला का नाही विचारलंत? मी म्हणालो असतो, नको ती सनद. खरंच म्हणालो असतो का? त्या दिवसांत मी कुणाच्याही पायांवर डोकं ठेवलं असतं, आणि ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तुम्ही नानारावांना मत दिलं नाहीत. तुम्ही फक्त दोन टिंबांपुरता हात मागं घेतलात. मला तुमचा राग येतो आणि तुमच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटतं. आता दोन्हींचा काही उपयोग नाही.

काल संध्याकाळपासून समोरच्या लिंबाखाली अदालतीचा एक चपराशी बसून आहे. दांडगाई नाही, काही नाही. पाणी मागतो, वहिनी देतात, तो पितो आणि आईच्या तब्येतीची विचारपूस करतो. आईला तो फार भला माणूस वाटतो.

वहिनींना मी कागदाचं काही बोललो नाही. सकाळी जेवताना एवढंच म्हणालो की मत कुणाला द्यावं ते ठरत नाही. त्या भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्येत काय इचारायचं भावजी? ह्यांनी केलं तसं करा. हे कदी कुणाला भ्याले न्हाईत." पेशकारांचेच शब्द, आपल्या चुलीपुढं. मी घास खाली ठेवला आणि तांब्या तोंडाला लावला. त्यांना वाटलं कालवण तिखट झालं.

माझा कागद लिहून झाला आहे. बाबाराव. दोन्ही नुक्ते खाली, दाबून दिलेत, मागच्या बाजूला उमटलेत. आणि तो बंद लिफाफ्यात देणार नाही. सगळे वकील जमले की नाव मोठ्यानं वाचून दाखवीन, मग देईन. तरीही ते काय करायचं ते करतील. पण कुणाचं नाव होतं ते चार माणसांनी ऐकलेलं असेल.

सनद चौकटीतून काढून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आहे. मागितलीच तर तिथंच काढून देईन, ती न्यायला कुणी या घराची पायरी चढू नये. नंतर काय करायचं ते सुचेल. अर्ज्या लिहायला सनद लागत नाही. लोक मात्र येतील की त्यांनाही 'कोन वकील?' म्हणायला शिकवलं जाईल, हे मला सांगता येत नाही. भीती वाटते, दादा. तुमच्यापासून काय लपवायचं?

चपराशी उठून उभा राहिला आहे. निघायला हवं.

तुम्हाला एक वचन देतो. तुमचा तो कागद मी पाहिला, हे वहिनींना माझ्या तोंडून कधीही कळणार नाही. संध्याकाळी मी परत आलो, तर त्या दारातच विचारतील, ह्यांनी केलं तसंच केलं ना म्हणून. मी हो म्हणेन.

तुमचा धाकटा,
विष्णू