माझ्याकडे दोन

प्रिय ताई,

कान भरवशाचे नाहीत म्हणे! दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसतेस, त्यांचा पाय चुकीच्या पेडलवर जायच्या आत तुझा पाय तुझ्या बाजूच्या ब्रेकवर असतो, आणि तुझे कान भरवशाचे नाहीत? रविवारी फोनवर तू हे बोललीस आणि मी तोंड उघडायच्या आत 'घे, आईशी बोल' म्हणून मोकळी झालीस. ही तुझी जुनी पळवाट. आई काय बोलणार? 'बारीक झालास का रे?' फोनवरून तिला मी बारीक कसा दिसतो हे तिलाच ठाऊक. म्हणून या वेळी पत्र लिहितोय. अक्षराला हसू नकोस. माझा लिहायचा वेग तुझ्या सगळ्यात घाबरट विद्यार्थ्याच्या वेगाएवढा आहे, तिसरी संध्याकाळ चाललीय यात.

भांडण तेच आहे. क्लबची मोटारींची रॅली पुढच्या महिन्यात, फॉर्म वीस तारखेला बंद होणार. तुमचे ड्रायव्हिंग स्कूलचे मालक आपणहून गाडी देतायत, ज्यांनी आजवर कुणाला फुकट पेनसुद्धा दिलं नसेल. शेजारी बसून वळणं वाचून दाखवायला तुमच्या ऑफिसातली कारकून तयार आहे, जिला तुम्ही 'घड्याळ' म्हणता. आणि तू नाही म्हणतेस. कारण सहा वर्षांपूर्वी याच रॅलीत पुलाजवळ आपली गाडी नाल्यात गेली, तेव्हा मी सांगितलेलं वळण तू चुकीचं ऐकलंस. बाबांना हेच सांगितलंस, खांदा बसवणाऱ्या डॉक्टरलाही हेच. आईकडून कळलं की हल्ली स्कूलमध्येही तू प्रत्येकाला 'काय म्हणालात? परत सांगा' असं दोनदा विचारतेस, आणि पोरं मागे हसतात. आई जे बोलली नाही तेही मला ऐकू आलं. या वेळी नाही गेलीस तर तू परत कधीच जाणार नाहीस.

तुला वाटतं मी इथे शर्यतीच्या ट्रॅकवर टायर धुतो. सुरुवातीचे चार महिने धुतले, खोटं कशाला बोलू. आता मी तपासणीच्या शेडमध्ये आहे. शर्यतीआधी आणि नंतर प्रत्येक गाडी आमच्या शेडमधून जाते. चार चाकांखाली चार वजनाच्या पाट्या असतात, त्यावर गाडी बरोबर मधोमध ढकलायची हे माझं काम. फट मोजायला आत घालायच्या पट्ट्या हातात द्यायच्या, इंजिनाला तार ओवून सील लावायचं, हेल्मेटच्या आतलं छोटं लेबल शोधून आकडा वाचायचा. आमच्या मुख्य तपासनीस एक बाई आहेत, साठीच्या. सगळे त्यांना 'मोठ्या बाई' म्हणतात, उंचीने त्या माझ्या खांद्याला लागतात तरी. एका कानामागे पेन्सिल, दुसऱ्या कानामागे छोटा टॉर्च. मी पाहिलंय, एका गाडीचा मागचा पंख दोन मिलिमीटर उंच निघाला. गाडीची किंमत आपल्या अख्ख्या गल्लीपेक्षा जास्त, मालक सहा फुटी, मागे वकिलासारखा दिसणारा माणूस. बाईंनी पट्टी लावली, टॉर्च मारला, म्हणाल्या, 'बसत नाही.' बस, एवढंच. तो सहा फुटी माणूस गपचूप गाडी घेऊन गेला. मी त्या दिवशी घरी चालत आलो, बसमध्ये बसवेना, इतकं भरून आलं होतं. एवढी मोठी माणसं एका पट्टीचं ऐकतात!

आणि ताई, शर्यती म्हणजे आपण समजत होतो तेवढ्या नाहीत गं. आपल्याला वाटायचं, टीव्हीवर दिसतात त्या उघड्या चाकांच्या गाड्या, आणि दुसरी आपली रॅली, संपलं. इथे दर आठवड्याला नवीन जग येतं आणि सामान गुंडाळून जातं. एकदा ट्रक आले. पाच-पाच टनांचे ट्रक शर्यत करतात, विश्वास ठेव! ताशी एकशे साठच्या वर जायला बंदी, पण वळणावर ब्रेक इतके तापतात की त्यावर पाण्याचा फवारा सोडतात, आणि प्रत्येक वळणावर पांढरी वाफ उठते, कुणीतरी कुकरचं झाकण उघडल्यासारखी. दुसऱ्या आठवड्यात सरळ पट्टीवरची शर्यत होती. दोनच गाड्या, वळण नाही, काही नाही. तू 'सीटबेल्ट लावा' म्हणेपर्यंत ती संपलेली असते आणि मागे छत्री उघडलेली असते गाडी थांबवायला. आवाज कानात नाही, बरगड्यांत ऐकू येतो. माझ्या हातातला चहा आपोआप सांडला. आणि तुला खास सांगायचं म्हणजे मातीच्या गोल मैदानावरच्या मोटारसायकली, त्यांना ब्रेकच नसतो. पायाने नाही, हाताने नाही, मुळात बसवतच नाहीत. मी मेकॅनिकला विचारलं, मग थांबतात कसे? तो म्हणाला, 'थांबायला आलेत का इथे?' दोन ब्रेकच्या गाडीत जन्म घालवणाऱ्या माझ्या बहिणीला हे कळवलंच पाहिजे असं तेव्हाच ठरवलं होतं.

सगळ्यात जास्त नवल मला त्या तीनचाकीचं वाटलं. मोटारसायकलला बाजूला एक फळी, त्या फळीवर दुसरा माणूस. त्याच्या हातात हँडल नाही, ब्रेक नाही, काही नाही. फक्त अंग. वळण आलं की तो त्या बाजूला अंग बाहेर टाकतो, पाठ जमिनीला घासते की काय इतकं. चुकीच्या बाजूला टाकलं तर दोघंही गेले. मी मोठ्या बाईंना विचारलं, ही कुणाच्या हद्दीत येते? कारण इथे हद्दी असतात. चारचाकीवाल्यांची जगाची संघटना वेगळी, एफआयए, आणि दुचाकीवाल्यांची वेगळी, एफआयएम. मग तीन चाकांनी कुठे जायचं? बाई म्हणाल्या, 'दुचाकीवाल्यांकडे. चाकं मोजू नकोस, हँडल बघ.' मला हे फार आवडलं. कुठेतरी कुणीतरी बसून या फळीवरच्या माणसाचाही विचार केलाय, त्याने हातमोजे कुठले घालायचे हेसुद्धा लिहून ठेवलंय.

बाईंकडे नियमांच्या पुस्तकांचं एक कपाटच आहे. चिमुकल्या कार्ट गाड्यांचं वेगळं, ट्रकचं वेगळं, रॅलीचं वेगळं, जुन्या गाड्यांचं वेगळं. जुन्या गाड्यांना तर त्यांच्या जन्माचा दाखला लागतो. मी बोट ठेवून ठेवून वाचतो, दिवसाला एक पान. सातवीत मास्तरांनी मला 'दगड' म्हटलं होतं, त्यांनी मला कलम पाठ म्हणताना बघायला हवं. या वाचनातून मला एक गोष्ट कळली आणि मी कपाटासमोर कितीतरी वेळ नुसता उभा राहिलो. जगाच्या संघटनेखाली प्रत्येक देशाची एक संघटना, तिच्याखाली गावोगावचे क्लब. आठ वर्षांची मुलगी कार्टमध्ये बसते तिच्या परवान्यावर आणि जगातल्या सगळ्यात वेगवान माणसाच्या परवान्यावर एकाच साखळीचे शिक्के असतात. आपल्या क्लबच्या फॉर्मवर कोपऱ्यात तो पुसट शिक्का आहे ना, जो बघून बाबा म्हणाले होते 'दुकानदाराचा असेल'? तो तोच आहे. तू त्या वेळी सही केलीस तेव्हा तू त्या साखळीत होतीस. आपल्याला माहीतच नव्हतं.

रॅलीच्या पुस्तकातलं एक कलम तर तुझ्यासाठीच लिहिलंय. एक टप्पा संपला की पुढच्या टप्प्यापर्यंत साध्या रस्त्याने जायचं, सिग्नल पाळत, इंडिकेटर देत, आणि ठरल्या मिनिटाला कार्डावर शिक्का घ्यायचा. उशीर झाला तर दंड. पण लवकर पोचलं तर जास्त दंड! म्हणजे आधी जिवाच्या आकांताने पळवायची आणि मग कोपऱ्यावर उभं राहून मिनिट भरायची वाट बघायची. तुझ्यासारखी बाई आणि शेजारी 'घड्याळ', तुम्हाला कोण हरवणार?

आता मागच्या शनिवारचं सांगतो. इथली रॅली होती. एक गाडी झाडापुढे रचलेल्या गवताच्या गठ्ठ्यांत घुसली आणि ओढून आमच्या शेडमध्ये आणली. चालवणारी पन्नाशीची बाई, शेजारी वाचायला तिचा नवरा, पेशाने दातांचा डॉक्टर. दोघांना खरचटलंसुद्धा नव्हतं. मोठ्या बाईंनी चाक बघितलं नाही, इंजिन बघितलं नाही. पहिलं विचारलं, 'काय वाचलंत?' ती चालवणारी म्हणाली, 'माझंच ऐकण्यात चुकलं असेल.' तर डॉक्टर लगेच म्हणाला, 'नाही. पानं चिकटली होती, मी दोन एकदम उलटली. चूक माझी.' बायको म्हणाली, 'घरी तर कधी कबूल करत नाहीस!' तो म्हणाला, 'घरी समोर झाड नसतं.' सगळी शेड हसली. बाईंनी गाडी पास केली आणि ते गेल्यावर मला म्हणाल्या, त्या स्वतः वीस वर्षं वाचायच्या जागी बसलेल्या, 'वाचणाऱ्याने चूक झाकली की चालवणारा संपला. पुढच्या प्रत्येक वळणाला त्याच्या मनात येतं, मी नीट ऐकलं का? आणि ज्याच्या मनात हे येतं त्याने गाडी चालवू नये.' माझ्या हातातली पट्टी खाली पडली. बाई म्हणाल्या, 'उचल, वाकडी होईल.' मी उचलली. पण ताई, त्या दिवसापासून मी धड नाही.

तुला आपली भाषा आठवते? मला डावं-उजवं कधी कळलं नाही. मास्तर म्हणायचे, लिहायचा हात तो उजवा, आणि मी लिहायचो दुसऱ्याच हाताने. म्हणून तू माझ्यासाठी ते दोन शब्दच काढून टाकलेस. माझ्या दाराच्या बाजूचं वळण म्हणजे 'माझ्याकडे', तुझ्या दाराच्या बाजूचं म्हणजे 'तुझ्याकडे', आणि पुढे आकडा. एक सगळ्यात कडक, सहा म्हणजे नुसता बाक. मी वहीत लिहायचो, मीच वाचायचो. जगातल्या कुठल्याही संघटनेच्या पुस्तकात ही भाषा नाही, मी शोधून पाहिलं.

पण त्या आठवड्यात माझ्या हाताला पत्रा लागला होता, म्हणून शेवटच्या टप्प्याची दोन पानं तू लिहिलीस. तू बसतेस त्या जागेवरून लिहिलीस, म्हणजे त्यातलं 'माझ्याकडे' तुझ्या दाराच्या बाजूचं. आणि मला बजावलंस, 'माझ्या पानांवर उलटं वाच रे.' मी हो म्हणालो, तोंडात काहीतरी चघळत. पुलाच्या अलीकडे तुझ्या अक्षरात लिहिलं होतं, 'माझ्याकडे दोन'. मी जसंच्या तसं वाचलं. तू ऐकलंस, बरोबर ऐकलंस, आणि माझ्या बाजूला वळलीस. माझ्या बाजूला रस्ता नव्हता. गाडी उलटी, तू पट्ट्याला लटकलेली, खांदा हातात धरून तू पहिलं मला विचारलंस, 'लागलं का?' आणि मग, 'काय म्हणाला होतास?' आणि मी म्हणालो, 'तुझ्याकडे.' वही मी नाल्यात टाकली. मला वाटलं तू भांडशील, म्हणशील, खोटं बोलतोस. तू तर लगेच मान्य केलंस, आणि सगळ्यांसमोर मला बाजूला ठेवून सगळं अंगावर घेतलंस. मग रोज तुझ्यासमोर जेवायला बसणं मला जमेना. लोकांना वाटलं, पोरगं एका जागी टिकत नाही. म्हणून इतक्या लांब आलो. हे सांगायला पत्र लिहितोय, बाकी सगळं हे सांगायचं टाळत होतो म्हणून आलं. तुझे कान ठीक आहेत, ताई. तेव्हाही होते. मला माफ कर असं मी म्हणत नाही, ते तू तुझ्या सवडीने बघ. बाबांना मी वेगळं लिहितोय, तू मधे पडू नकोस. तू फक्त वीसच्या आत फॉर्म भर, आणि सगळी पानं 'घड्याळ'ला तिच्या हाताने लिहू दे.

तुझाच,
चुकीचं वाचणारा धाकटा

ता. क. क्लबची प्रवेश फी, परवाना आणि डॉक्टरचा दाखला, सगळं मिळून अठराशे चाळीस आज पाठवलेत.