कौशिकच्या फोल्डरचा पत्ता

३० सप्टेंबर, मंगळवार

कृष्णस्वामी सरांनी आज सर्व्हरला हार घातला. उद्या आयुधपूजेची सुट्टी, म्हणून ऑफिसातली पूजा आजच. सकाळपासून झाडलोट. माझ्या लॅपटॉपलाही चंदन-कुंकू — एंटरच्या बटणावरचा ठिपका आता निघत नाहीये. मग चुरमुरे, खोबरं घातलेलं हरभऱ्याचं सुंडल. एकदा पूजा झाली की दसऱ्यापर्यंत अवजाराला हात लावायचा नाही, हा इथला नियम. मला काय, चालतंय! आमच्याकडे खंडेनवमीला बाबा पाना पुजायचे आणि लगेच त्याच पान्याने गळका नळ आवळायचे.

नवीन नावाचा मुलगा आमचे सर्व्हर सांभाळतो. त्यालाही झाडलोटीचा उत्साह. "मॅम, नोकरी सोडून गेलेल्यांची सगळी फोल्डरं उडवली. पूजेच्या आधी जुना कचरा नको." शाबास म्हटलं.

सर खुशीत दिसले म्हणून पुण्याच्या बदलीचं पुन्हा काढलं. तेच उत्तर. "बिल्ड तुझ्याशिवाय कोणाला येत नाही, अर्चना. ते तुझ्यावाचून चालू दे, मग मी स्वतः सही करतो." लग्नाला दीड वर्ष झालं. त्र्यंबक चाकणला, मी इकडे तमिळ मुलखात गिंडीला, संसार फोनवर.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

बिल्ड लाल.

४ ऑक्टोबर, शनिवार

अजून लाल. त्यात सासूबाईंचा फोन — सुट्टीच्या दिवशी कसलं गं काम? समजावलं. आम्ही ट्रकच्या डॅशबोर्डचं सॉफ्टवेअर करतो, वेग किती, डिझेल किती ते दाखवणारं. सगळ्यांनी लिहिलेले तुकडे मशीन आपोआप जोडतं, ते बिल्ड. जोडताना काही तयार फायली लागतात, त्या कुठे आहेत तो पत्ता मशीनला सांगून ठेवलेला असतो. पत्ता चुकला की अडलं, स्क्रीनवर लाल! सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे मी तिखटाचा डबा दुसऱ्या फळीवर ठेवला की तुझे सासरे करतात तसं." अगदी तसंच.

५ ऑक्टोबर, रविवार

त्र्यंबक दोन मिनिटं बोलला. मीटिंग आहे म्हणे. रविवारी?

६ ऑक्टोबर, सोमवार

सापडलं! सगळे पत्ते एकाच जागी जातात — कौशिकच्या फोल्डरात. हा कौशिक मी यायच्या आधीच नोकरी सोडून गेला. तात्पुरतं म्हणून त्याने सगळ्या फायली आपल्या फोल्डरात ठेवल्या, आणि तेव्हापासून अख्खी कंपनी त्याच्या घरी जेवत होती. नवीनने मंगळवारी ते घरच पाडलं.

"बॅकअप?" नवीन पांढरा पडला. बॅकअपही कौशिकच्याच फोल्डरात होता.

सर दर तासाला येतात. "ग्रीन-आ?" मी नाही म्हणून मान हलवते. १७ तारखेच्या शुक्रवारी इथून तास-दीड तासावरच्या ओरगडमच्या ट्रक कारखान्यात डिलिव्हरी. "हे बुडालं तर बदली-बिदली विसर," असं म्हणाले नाहीत. पण चेहऱ्यावर होतं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

फायली पुरवठादाराकडून नव्याने मागवल्या, सामायिक जागी ठेवल्या. मशीनला सूचना देणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टमधला पत्ता स्वतःच्या हाताने बदलला. बोटं दुखतायत. बिल्ड चालवलं. मशीन पुन्हा कौशिकच्या दारात जाऊन उभं! पत्ता आता कुठेच लिहिलेला नाही, मग याला सांगतं कोण? सर म्हणाले, पूजेनंतर मध्येच कोणी सर्व्हरला हात लावला का ते आठव. डोकं फिरलं.

८ ऑक्टोबर, बुधवार

हिरवं!! नवीनची युक्ती — कौशिक नावाचं रिकामं फोल्डर पुन्हा केलं आणि कपाटात कौशिकच्या नावाची एक जुनी डिस्क मिळाली, तिच्यावरच्या फायली मूळच्याच समजून त्यात टाकल्या. मशीन खूश. सरांनी म्हैसूरपाक मागवला. मला ही युक्ती पटलेली नाही, पण म्हैसूरपाक खाल्ला.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

म्हैसूरपाक बाधला.

ओरगडमहून गुंडोचा फोन. गुंडो कारखान्यात ट्रकची चाचणी घेतो, बुधवारचं हिरवं बिल्ड त्याच्याकडे पाठवलं होतं. तंजावरकडचा मराठी माणूस, घराणं कित्येक पिढ्या इकडेच. त्याचं बोलणं ऐकलं की बखरीतला कारकून मोबाईलवर आलाय असं वाटतं. "अक्का, तुमचें मीटर टँक भरूनच आहे म्हणत्ये. वंडी मात्र रस्त्यांत निजली. मीं उन्हांत उभा आहें. आतां काय करावें?"

गाडीतलं डिझेल संपलं आणि काटा फुल्लवर! त्या जुन्या डिस्कवरच्या फायली अशा ट्रकसाठी होत्या, ज्याच्या टाकीचा सेन्सर याच्या उलटा मोजतो. बिल्ड हिरवं आणि आत सगळं चूक. यापेक्षा लाल बरं होतं, निदान खोटं बोलत नव्हतं. गुंडोची माफी मागितली. "सेरी, सेरी, जाऊं द्या. एक डबा डिझेल तेवढा धाडा."

११ ऑक्टोबर, शनिवार

आता कौशिकलाच गाठायचं. नवीनने शोध लावला — सासऱ्यांचं साड्यांचं दुकान सांभाळतो, टी. नगरला! दिवाळीच्या खरेदीचा शनिवार, बसमधून उतरले ते चेंगरूनच. कौशिक गादीवर, समोर साड्यांचा ढीग, पाच बायका. मी ओळख सांगितली. त्याला आनंद झाला.

"अजून तेच बिल्ड चालू आहे? ऐय्यो. — मरून रंग वरच्या मजल्यावर, मॅडम. — पत्ता स्क्रिप्टमध्ये शोधू नकोस. मी तो मशीनच्या सेटिंगमध्येच टाकला होता. मशीन आधी तिथे बघतं, मग तुमच्या स्क्रिप्टकडे. — ही बॉर्डर शोभते का? शोभते, शोभते, गॅरंटी."

"कुठे लिहून का ठेवलं नाहीस?"

"मी तेव्हा तिथेच होतो ना!"

त्याच्यावर ओरडणार होते. हातात मोरपंखी साडी आली होती. घेतली.

१२ ऑक्टोबर, रविवार

त्र्यंबक हल्ली बदलीचं विचारतच नाही. आधी रोज विचारायचा — झालं का? आज मीच म्हटलं, शुक्रवारपर्यंत कळेल. तर म्हणे, "बरं. तू जेवलीस का?" एवढंच! दीड वर्षात सवय होऊन गेली असेल त्याला, एकटं राहायची. मला नाही झालेली. फोन ठेवून रडले, मग चिडून कपडे धुतले.

१३ ऑक्टोबर, सोमवार

कौशिक खरं बोलला. सेटिंगमधली ती एक ओळ काढली. आता पत्ते कोणा माणसाच्या नावाचे नाहीत. फाईल जागेवर नसेल तर मशीन थांबतं आणि काय नाही ते सांगतं, शेजारून उसनं आणत नाही. मग कोऱ्या मशीनवर नवीनला बटण दाबायला सांगितलं आणि मी मुद्दाम कँटीनमध्ये जाऊन बसले. कॉफी संपेना. नवीन धावत आला — "मॅम, ग्रीन! तुम्हाला काही विचारावंच लागलं नाही!"

१५ ऑक्टोबर, बुधवार

गुंडो: "टँक रिकामी आहे म्हणून खरें सांगत्ये आतां. अक्का, बरें केलेंत."

एवढं कौतुक मला परीक्षेतही मिळालं नव्हतं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

डिलिव्हरी गेली. सरांनी केबिनमध्ये बोलावलं, शब्द पाळला, सही केली. बदली मंजूर! तीन नोव्हेंबरला पुण्यात हजर व्हायचं.

"इथली तुझी जागा मी बंद करून टाकली," सर म्हणाले. "बिल्ड आपोआप चालतं, मग माणूस कशाला? आता मनात आलं तरी परत घेता येणार नाही हं." हसत होते. मीही हसले. कशाला येतेय परत!

घरमालकिणीला घर सोडत असल्याचं सांगून टाकलं. त्र्यंबकला काही बोलले नाही. उद्या दिवाळीला येतोय, तेव्हा तोंडावर सांगणार. बघू तरी, तेव्हा "बरं" म्हणतो का.

१८ ऑक्टोबर, शनिवार

त्र्यंबक आला. चार दिवसांच्या दिवाळीला तीन बॅगा आणि मिक्सर. मी तोंड उघडायच्या आतच म्हणाला — ओरगडमला नोकरी मिळाली, सोमवारच्या दिवाळीच्या सुट्टीनंतर रुजू व्हायचंय. चाकणचा राजीनामा गेल्या महिन्यातच दिला होता. "तुझ्या त्या बदलीची वाट किती बघायची? म्हटलं, आपणच जावं."

तो आत कपाटात शर्ट लावतोय, शीळ घालत. तीन नोव्हेंबरचा बदलीचा कागद अजून माझ्या पर्समध्येच आहे.