कैदी नंबर एक, मुक्काम वाडी

२ मे, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं म्हातारपणी आठवणी लिहितात आणि तारखा चुकवतात. माझं तसं होणार नाही. बातमी अशी की एका छोट्या मित्रदेशाच्या तुरुंग-रक्षकांना भारत ट्रेनिंग देणार आहे, आणि त्यासाठी खासगी संस्थांकडून अर्ज मागवलेत. वाडीच्या गोडाऊनमध्ये सिक्युरिटी गार्ड घडवणारी माझी ‘सुमंत डिफेन्स अकॅडमी’ सोडून दुसरं नाव निदान मला तरी सुचत नाही. लष्करी अनुभव: एनसीसी, दोन कॅम्प. दुसरा जुलाबामुळे अर्धाच झाला, पण इतक्या खोलात कोण शिरतं!

३ मे
अट वाचली. कैद्याला मारहाण, उपासमार, अपमान काही चालणार नाही. माझा ‘कैद्याला बोलतं करण्याचे सात उपाय’ हा धडा सिलॅबसमधून काढला. फाडला नाही, ड्रॉवरच्या तळाशी ठेवला. लॅमिनेशनला मेहनत लागते. परराष्ट्र खात्याला पत्र टाकलं: मानवी हक्क हा आपल्या धोरणाचा कणा असावा. सल्ल्यासाठी मी केव्हाही हजर. दुपारी दोन ते चार सोडून.

५ मे
मानवी हक्कांवर तीन तास लेक्चर. मैदानात. पारा ४४. मी छत्रीखाली, कारण वक्त्याचा घसा महत्त्वाचा. आठ गार्डांतला सगळ्यात वयस्क नत्थू, रोज सावनेरहून बसनं येतो, मध्येच पाणी मागू लागला. तासभर जास्त उभा केला. शिस्त वेगळी, छळ वेगळा.

८ मे
१५ तारखेला दिल्लीहून कामिनी मॅडम तपासणीला येणार. प्रात्यक्षिक: गार्डांनी एक कैदी पकडायचा आणि नियमानं सांभाळायचा. कैदी मीच. नाव आणि नंबर सोडून एक शब्द बोलणार नाही. भैरवीला सांगितलं. ती म्हणाली की माझ्या बोटात काटा गेला तेव्हा मी अख्खी गल्ली गोळा केली होती. बायकोला युद्धशास्त्र कळत नाही.

११ मे
खर्रा बंद. तंबाखू-सुपारीचं हे घोटलेलं मिश्रण दिवसातून सहादा लागतं. कैदेत कोण देणार?

११ मे, ११.४०
एकदम सोडणं तब्येतीला वाईट, असं कुठंतरी वाचलंय.

१५ मे, संध्याकाळी ५
दहाला पकडला गेलो. नत्थूनं खुर्ची कूलरसमोर ठेवली, पाणी दिलं, घरी फोन करायचा का विचारलं. सगळं नाकारलं. मग तो समोर बसून खर्रा घोटू लागला. प्रश्न एकही नाही. नुसता घोटत होता. १०.१९ ला मीच चिमूटभर मागितला.

“घ्या जी साहेब,” तो म्हणाला. “हक्क आहे तुमचा. मारून राहिलो काय आपण?”

त्यानंतर काय झालं ते नीट आठवत नाही, असं लिहिणार होतो. पण आठवतं. उन्हातली शिक्षा, नत्थूला नाकारलेलं पाणी, अर्धा कॅम्प, ड्रॉवरमधला धडा, सगळं सांगून मोकळा झालो. नियम माझाच: जबाब लिहायचा, वाचून दाखवायचा, सही घ्यायची. नत्थूचं अक्षर सुरेख आहे. मॅडमनी कागद नेला. ड्रॉवरही उघडून पाहिला.

१९ मे
निकाल. संस्था निवडली गेली! आठही गार्ड उत्तम. कसलीही जबरदस्ती न करता घेतलेला आदर्श जबाब म्हणून त्या कागदाचा खास उल्लेख. मुख्य प्रशिक्षक: नत्थू. जूनमध्ये तो परदेशी जाणार. मला पायाभूत कोर्स करायला सांगितलंय. पास झालो तर सरावाचा कैदी म्हणून कायम नेमणूक. कायम हा शब्द छान आहे. भैरवीला तेवढाच वाचून दाखवला.

२० मे
कोर्सचा पहिला दिवस. सवयीनं मैदानात जाऊन उभा राहिलो. आज नत्थू माझा सूड घेणार, याची खात्री होती.

“साहेब, उन्हात काहून उभे आहा जी? सावलीत या. पैले पाणी प्या.”

दोन ग्लास प्यालो. लाज वाटली, हे इथं लिहून ठेवतो. पाणी गार होतं. कोपऱ्यात माठ आहे, हे मला आज कळलं. नत्थूनं तो मार्चमध्येच सावनेरहून बसमध्ये मांडीवर धरून आणला होता.