राजाची उडी

आबा, धुळ्याला हरलेला डाव मी तुमच्यासमोर पहिल्या खेळीपासून शेवटपर्यंत मांडला होता, तरी त्यातली एक गोष्ट तुम्हाला सांगितली नाही. ती आज लिहून टाकते. उद्या घरी पाहुणे यायचे आहेत आणि त्यांच्यासमोर बसण्याआधी हे मनावरून उतरायला हवं.

तुम्हाला आपला पाट आठवतो ना? वरून जेवायला बसायचा आणि पालथा केला की पट. तुम्ही खिळ्याने ओरखडून चौसष्ट घरं आखली होती, सगळी लाकडाच्याच रंगाची, कारण देशी खेळाला काळं-पांढरं लागत नाही. कापसाच्या जिनिंग-प्रेसमधून तुम्ही यायचात, सदऱ्याला सरकीचा वास आणि केसांत कापूस, आणि हात धुतल्याबरोबर पाट पालथा. आई चुलीपाशी कळण्याच्या भाकरी थापतेय, तव्यावरून एक उतरते, दुसरी पडते, आणि आपण दोघं हललेलो नाही. "त्या राजाना पाय मोडी टाका एकदाना, म्हंजे बठ्ठा जेवाले बसतीन," ती म्हणायची. राजाचे पाय मोडणं मात्र तुम्हाला जमण्यासारखं नव्हतं. तुमचा सगळा खेळ त्या पायांवरच होता. देशी डावात राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते, शह बसलेला नसला तर. ती उडी तुम्ही अशी जपून ठेवायचात की समोरचा तिला विसरून जायचा. कापसाच्या पेढीवरचे मारवाडी शेठ, ज्यांच्या ओट्यावर तुमचा रविवारचा डाव रंगायचा, ते हरले की एवढंच म्हणायचे, "फिर कूद गया इनका राजा."

मी कॉलेजात गेले आणि शहाणी झाले. तिथे दुसरा खेळ होता. प्याद्याने पहिल्यांदा दोन घरं जायचं, राजाला उडी नाही, त्याऐवजी हत्तीच्या आडोशाला नेऊन किल्लेकोट बांधायचा. धुळ्याला सामने होते आणि जिंकणाऱ्या मुलीला विद्यापीठाच्या संघात जागा मिळणार होती. मी ग्रंथालयातून इंग्रजी पुस्तक आणून आठ दिवसांत सिसिलियन नावाची सुरुवात पाठ केली. भारी अवघड प्रकरण होतं, दर दोन खेळ्यांना वाटेला नवे फाटे. तुम्ही एकदा विचारलंत, "हाई खेळी का बरं?" मी म्हटलं, "पुस्तकात तशीच आहे, आबा." तेव्हा मी घरातसुद्धा पुस्तकी बोलायला लागले होते, हेही तुमच्या लक्षात आलं असणार.

एस.टी.ने धुळ्याला गेले. डब्यात भरीत-भाकरी होती आणि मी ती कोणी बघू नये म्हणून स्टँडवरच खाऊन घेतली. पहिले तीन डाव जिंकले. चौथा शेवटचा. समोर एका डॉक्टरांची मुलगी, शांत, चष्मा लावलेली. माझ्या पाठ खेळ्या दहाव्या-अकराव्या वळणावर संपल्या आणि तिने पुस्तकात नसलेलं काहीतरी केलं. मला एक फुकटचं प्यादं दिसलं, ते मी वजिराने जाऊन खाल्लं. राजा अजून मधेच उभा होता. मला त्याची काळजी नव्हती. आणखी चार खेळ्यांनी तिच्या उंटाने किल्लेकोटाची वाट अडवली. घोड्याच्या प्याद्यामागचं घर रिकामं दिसलं. मी राजा उचलला आणि अडीच घरं उडवून तिथे नेऊन ठेवला.

आधी ती मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मग शेजारच्या पटावरून कोणीतरी फिस्सकन हसलं आणि ते हसू खोलीभर गेलं. पंच आले. हात लावलेला राजाच हलवायला लागेल, म्हणाले. एकच सोय होती, वजिराच्या सुन्या घरात. तिथे तो गेला आणि सहा खेळ्यांत मात झाली.

घरी आले ती तणतणतच. तुम्ही मला पाणी पिऊ दिलंत आणि म्हणालात, "मात व्हयनी ना? मंग डाव मांड. पहिलापाईन." खेळ्यांचा कागद इंग्रजीत होता, म्हणजे मी वाचायचं आणि तुम्ही सोंगट्या हलवायच्या. मी वाचत गेले. उडीपाशी आले तेव्हा ती गाळून सरळ म्हटलं, "राजा वजिराच्या घरात." तुमचा हात थांबला.

"आठे काहीतरी कमी शे," तुम्ही म्हणालात. "राजा आपला पायवरी तठे जातच नही." बराच वेळ पटाकडे बघितलंत, मग माझ्याकडे. "उडी मारी ना तू?"

मी रडायला लागले. म्हटलं, तुमच्या गावठी खेळानेच माझा घात केला. आईने चुलीवरचा तवा उतरवला. मला वाटलं आता कानाखाली बसते. तुम्ही फक्त पाच खेळ्या मागे नेल्यात आणि ते फुकटचं प्यादं पुन्हा जागेवर ठेवलंत. "उडीनं काय चुकनं? उडी मारानी पाळी का उनी, ते देख." आणि मग मला दिसलं. वजीर प्यादं खायला लांब गेला होता आणि उडी हाताशी आहे या भरवशावर मी राजाला उघड्यावर सोडला होता. त्या पटावर नसलेल्या उडीच्या भरवशावर. आबा, आजवर मी जे काही नीट शिकले ते त्या पाच खेळ्यांत आहे. हरल्यावर शेवटच्या चुकीपाशी थांबायचं नाही, मागे मागे जायचं, हे मी पुढे वर्गातही शिकवलं आणि संसारातही वापरलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही प्रेसमधून गाठींवर मार्का मारायची काळी शाई वाटीत आणलीत आणि पाटावरचं एकाआड एक घर रंगवलंत. "आते मले बी शिकाड तुन्हा खेळ," म्हणालात. उडीवाले आबा त्या वर्षी किल्लेकोट शिकले आणि ओट्यावर महिनाभर हरले. पुढच्या वर्षी मी संघात गेले.

आता उद्याचं. मागच्या आठवड्यात धुळ्याला शाळेतल्या मुलांचे सामने होते आणि पंच मी. एका मुलीने राजा उचलला आणि अडीच घरं उडवला. खोली हसली. मी जवळ गेले आणि विचारलं, "कोणी शिकवलं तुला?" मान ताठ करून ती म्हणाली, "मन्हा आबांनी." तिकडे नरडाण्याजवळच्या कुठल्याशा गावची आहे. उद्या ती आणि तिचे आबा पिंप्राळ्याला माझ्याकडे येणार आहेत. पाट पुसून ठेवलाय. शाई अजून गेलेली नाही.

मी हरून आले त्या दिवशी डाव उचलताना तुम्ही अगदी सहज विचारलं होतंत, "पंचनी इचारं का, तुले कोनी शिकाडं?" मी म्हटलं, विचारलं, आणि मी तुमचं नाव सांगितलं. तुम्ही रविवारी ओट्यावर सगळ्यांना ते सांगितलंत, शेठांनी पेढे मागवले.

पंचांनी विचारलं होतं, आबा. मी म्हणाले होते, "कोणी नाही."