काळ्या बॉनेटवरची साल

५ मार्च, सेनगाव
आख्खी गाडी पहिल्यांदाच एकटीने रंगवली. यांना डॉक्टरांनी रंगाच्या वाफेपासून लांब राहायला सांगितलंय. आमच्या रंगकामाच्या शेडला कुलूप लावायचं की मी रंगाची गन धरायची, एवढंच उरलं होतं. पुसेगावच्या गुरुजींची काळी गाडी. दुपारी अडीचला शेवटचा हात. एकही ओघळ नाही. खूश.

६ मार्च
खुशी संपली. सकाळी बॉनेट पाहिलं तर संत्र्याची साल. बारीक बारीक खड्डे सगळीकडे. ट्यूबलाइटची रेघ रंगात सरळ दिसायला हवी, ती तुटक, वाकडी.
गुरुजी नेमके आजच डोकावले. म्हणाले, "बाई, मिस्टर बरे होईस्तोवर थांबू आपण." ओरडले असते तर परवडलं असतं. शनिवारपर्यंत मुदत मागितली. मग शेडमागे जाऊन रडले.

७ मार्च
यांनी तोंडाला रुमाल बांधून दारातूनच पाहिलं. मला वाटत होतं थिनर कमी पडलं.
"रंग बराबर हाय. तू ओघळाला भ्यालीस. काहून इतकी लांब धरलीस गन?"
खरं आहे. वीतभर सांगितली होती, मी हातभर धरली. त्यात पत्र्याखाली भर दुपार. थेंब गाडीवर पोचेपर्यंत अर्धे सुकलेले, मग ते पसरणार कसे?

८ मार्च
पाणपेपर, म्हणजे ओला करून घासायचा पेपर, आणि साबणाचं पाणी. आधी दीड हजार नंबरचा, मग त्याहून बारीक दोन हजारचा. खड्डे गेले, चमकही गेली. काळी गाडी राखाडी दिसायला लागली. कडांना पेपर लावायचा नसतो, तिथे रंग पातळ असतो. डाव्या दरवाजाच्या कडेला लावलाच. पत्रा दिसला. माझंच कर्म.

९ मार्च
सकाळी सातला, शेडचा पत्रा तापायच्या आत, दरवाजा परत मारला. वीतभर. रंग ओला बसला आणि डोळ्यांदेखत सपाट झाला. साल नाही, ओघळ नाही!! बाकी गाडीला चमक परत आणायला कंपाउंड घासलं, मग पॉलिश. खांदे गेले कामातून.

शनिवार
गुरुजी चष्मा लावून गाडीभोवती फिरले. बॉनेटमध्ये ट्यूबलाइट सरळ. डाव्या दरवाजापाशी थांबले, हात फिरवला. म्हणाले, "हा मिस्टरांनी मारलेला दिसतो."
मी तोंड उघडायच्या आत दारातून आवाज आला, "न्हाई गुरुजी. तिचाच हाय. माह्या हातून बी असा येत न्हाई."
गुरुजींनी मान डोलावली. इथल्याच गोरेगावच्या मेहुण्याची चंदेरी गाडी पाठवतो म्हणाले. चंदेरी रंग मी कधीच मारलेला नाही. हो म्हणून बसले. आज मी हवेत आहे, कबूल.

रविवार
सकाळी बघते तर शेडवरची यांच्या नावाची पाटी खाली उतरवलेली. अंगणात बसून तिच्यावर पाणपेपर मारून राहिले होते. काय करताय विचारलं तर म्हणाले, "जुनी झाली. रंग तूच मार."
वर नाव कुणाचं लिहायचं, ते सांगितलं नाही. पांढरा हात मारून झाला, वीतभर अंतराने. पाटी वाळतेय.